साळवे सिस्टरांचे चोवीस अनारसे

साळवे सिस्टरांची आणि माझी ओळख माझ्या तोंडाच्या वासावरून झाली. नोकरीचा पहिला दिवस होता. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून आईने डोळे पुसत निरोप दिला होता, आणि आनंद विहारहून साडेतीन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून मी अणुवीज केंद्राच्या फाटकाशी उतरलो होतो. फाटकाच्या आत एक छोटी खोली होती. तिच्या दारात पांढऱ्या साडीतल्या, बुटक्या, जाड चष्म्याच्या एक बाई हातात छोटं यंत्र घेऊन उभ्या होत्या. मी रुबाबात माझं नाव, शिक्षण आणि हुद्दा सांगायला सुरुवात केली.

"वो बाद में," त्या म्हणाल्या. "पहले फुंको."

मी यंत्राच्या नळीत फुंकलो. आकडा शून्य आला. बाईंनी नाक जरा पुढे केलं, एकदा हुंगलं आणि म्हणाल्या, "ढाबे पे पराठा खाया. मूली का. रात को सोया नहीं." मग माझ्या कागदावरचं नाव वाचून एकदम मराठीत आल्या. "सप्रे होय? आधी नाही का सांगायचं! मराठीत फुंक म्हटलं असतं."

मराठीत फुंकल्याने काय फरक पडला असता ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण तेवढ्या एका वाक्याने मला त्या परक्या मुलखात आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं, हे मात्र खरं.

मार्था साळवे मूळच्या नगरच्या. मराठी ख्रिस्ती घराणं, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. परिचारिकेचं शिक्षण घेऊन उत्तरेत आल्या, लग्न इथेच झालं, नवरा लवकर गेला, एक मुलगी होती ती दिल्लीला शिकत होती. याच्यापुढे त्यांचं चरित्र मला ठाऊक नाही. विचारायची हिंमतही कधी झाली नाही. केंद्राच्या दवाखान्यात त्या होत्या, पण त्यांचं खरं राज्य फाटकाजवळच्या त्या खोलीत. पाळीवर येणाऱ्या प्रत्येकाने आधी तिथे फुंकायचं, पावती घ्यायची आणि मग आत जायचं. शिवाय कॉम्प्युटर दर आठवड्याला कुणाचीही नावं काढायचा. त्यांना लघवीचा नमुना द्यावा लागे, आणि त्यात अफू, गांजा, भांग वगैरे काही आहे का ते पाहिलं जाई. आत अणुभट्टी चालते. तिच्यापुढे बसणाऱ्या माणसाचं डोकं जाग्यावर असलं पाहिजे, एवढं साधं त्यामागचं कारण. प्रत्येक चाचणीला दवाखान्याबाहेरच्या एका माणसाची साक्षीदार म्हणून सही लागे. माझी प्रशिक्षण विभागाची खोली नेमकी शेजारी होती. त्यामुळे बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या फुंकरींवर सह्या करत राहिलो.

सिस्टर रोज सकाळी सर्वांत आधी स्वतः फुंकायच्या. पावती काढायच्या, वेळ लिहायच्या आणि माझ्यापुढे धरायच्या. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, तुम्ही कशाला? तुम्ही तर औषधातसुद्धा घेत नाही."

"अणूला सबब कळत नाही, सप्रे. सही कर."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कुणी खोकल्याचं औषध घेतलं म्हणे, कुणी साल्याच्या वरातीत नुसता बसलो होतो म्हणे. सिस्टर सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बाळा, मेरे को कळता है. अणू को सबब नहीं कळता." त्यांची हिंदी अशीच. तीस वर्षं उत्तरेत काढून तिने नगरची वेस ओलांडली नव्हती. "मेरे को घाई नहीं, तुम आराम से फुंको," हे वाक्य तर फाटकावरचे जाट शिपाईसुद्धा एकमेकांना ऐकवायचे.

एकदा वरून एक फार मोठे साहेब पाहणीला आले. चार गाड्या, पुढे-मागे माणसं, हातात गुच्छ. सिस्टर नळी घेऊन पुढे झाल्या. साहेबांच्या बरोबरच्या माणसाने डोळे वटारले. "मॅडम, ये कौन हैं, पता है?"

"पता नहीं. आदमी है, आत जाता है, इतना पता है."

साहेब बिचारे भले होते, हसून फुंकले. आकडा शून्य आला. सिस्टरांनी पावती देताना नाक पुढे केलं आणि अतिशय मायेने म्हणाल्या, "साहब, दात का डॉक्टर को दिखाओ." साहेबांनी दिल्लीला गेल्यावर खरोखरच दाढ काढली, आणि पुढच्या भेटीत आपणहून नळी मागून घेतली असं म्हणतात. निदान सिस्टर तरी तसं म्हणायच्या.

नाकाचा त्यांना अभिमान होता, पण भरवसा मात्र यंत्रावर. "नाक मला सांगतं, पण कागदाला नाही सांगत," असं म्हणायच्या. फक्त एकदा त्यांनी नुसत्या नाकावर निकाल दिला. आमचं कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ दर जानेवारीत बस करून पानिपतला, लढाईच्या स्मारकाशी, काला अंबला जायचं. त्या वर्षी सगळे पहाटे स्वेटर-मफलर घालून बसमध्ये बसले, फुलांचं चक्र पुढच्या सीटवर ठेवलं, आणि सिस्टर ड्रायव्हरसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मेरे तोंड पे फुंको." ड्रायव्हर लाजला. मग फुंकला. सिस्टर खाली उतरल्या आणि बसच्या दारात पाय रोवून उभ्या राहिल्या. दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत तीन तास गेले. मंडळाचे अध्यक्ष पुटपुटले की पानिपतावर कुमक उशिरा पोचायची ही आपली जुनीच रीत आहे. सिस्टर म्हणाल्या, "पोचली तरी पाहिजे ना!"

होळीनंतरचा आठवडा म्हणजे त्यांचा सुगीचा काळ. आमच्याकडे होळीला थंडाई आणि थंडाईत भांग हे गृहीतच. एका वर्षी कॉम्प्युटरने एका वेल्डरचं नाव काढलं. हा गडी हुशार निघाला. त्याने कुणाचा तरी निर्मळ नमुना गरम चहाच्या थर्मासच्या झाकणात लपवून आणला आणि आतल्या खोलीत जाऊन बाटलीत ओतला. बाटलीवर उष्णता दाखवणारी पट्टी असते हे त्याला ठाऊक नव्हतं. थर्मासने आपलं काम चोख केलं होतं, नमुना अंगाच्या उष्णतेपेक्षाही गरम निघाला.

सिस्टरांनी पट्टी पाहिली. रागावल्या नाहीत. त्याच्या कपाळाला हात लावला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "बाळा, तेरे को तो एकशे सहा ताप है! तू खडा कैसा है?" आणि त्याला धरून नेऊन वॉर्डात झोपवला. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या, दुपारी मऊ खिचडी, दर तासाला थर्मामीटर. बायकोला निरोप गेला, ती रडत आली. संध्याकाळपर्यंत वेल्डर रडकुंडीला आला आणि पाय धरून म्हणाला, "सिस्टरजी, मैं ठीक हूँ, मैंने भांग पी थी."

"आता उतरला ताप," सिस्टर म्हणाल्या आणि लाल पेन काढलं.

लाल शाई फक्त दोषी निकालासाठी. एकदा लाल अक्षरात पडलेलं नाव पुन्हा खोडायचं नाही, मग पुढे काहीही ठरो. हा नियम त्यांनीच केला होता.

दुसरा नियम खाण्याचा. केंद्रातल्या कुणाच्याही हातचं त्या काही खात नसत. बारशाचे पेढे नाहीत, लग्नाचे लाडू नाहीत, चहासुद्धा स्वतःच्या फ्लास्कमधला. सत्यनारायणाच्या पूजेला येत, हात जोडून छान बसत, पण प्रसादाला "बाळ्या, माझ्या नावाचा तूच घे" म्हणत. नवी नवरी म्हणून आलेल्या माझ्या बायकोने, मीनाने, एकदा मोठ्या हौसेने पोहे केले. सिस्टरांनी ताटलीला हातही लावला नाही. मीनाचा चेहरा पडला. तेव्हा तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "आज तुझे पोहे खाल्ले, तर उद्या तुझ्या नवऱ्याची फुंकर मला गोड लागेल. नको गं बाई." मीना घरी बराच वेळ फणफणली. पण मला वाटतं त्या दिवसापासूनच तिचा सिस्टरांवर जीव बसला.

नाताळात मात्र हे सगळं उलटं व्हायचं. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला केकबरोबर आपला सगळा फराळ असतो. सिस्टर आठवडाभर आधी तांदूळ भिजत घालायच्या, गुळाचं पीठ मुरवायच्या आणि पंचवीस तारखेला खात्याखात्यात डबे पाठवायच्या. करंज्या, चकल्या आणि अनारसे. अनारसे म्हणजे काय सांगू! जाळी पडलेले, तळहाताएवढे, आणि एका बाजूने खसखस इतकी की पांढरी रजई पांघरल्यासारखे. मी त्यांना छेडलं होतं, "सिस्टर, कुणाचं घ्यायचं नाही, मग द्यायचं कसं चालतं?"

"घेणाऱ्याचा हात बांधला जातो, सप्रे. देणाऱ्याचा नाही."

त्यावेळी मला हे फार पटलं होतं. त्यांनाही पटलेलं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला.

कंट्रोल रूममध्ये त्यागी नावाचा एक ऑपरेटर होता. जवळच्याच गावचा, तिशीतला, आणि अख्ख्या केंद्रात त्याच्याएवढा सोवळा माणूस नव्हता. कांदा-लसूण नाही, मंगळवारचा उपास, दारूचं नाव काढलं तर कान धरायचा. पाळीवरच्या पोरांना जेवणाच्या सुट्टीत संयमावर प्रवचन द्यायचा. भट्टी स्वतःच्या जबाबदारीवर चालवायचा परवाना मिळवण्यासाठी तो तीन वर्षं अभ्यास करत होता. शेवटची तोंडी परीक्षा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होती. ती हुकली तर पुढची संधी केव्हा मिळेल ते देवच जाणे.

नाताळनंतर दोनच दिवसांनी कॉम्प्युटरने त्यागीचं नाव काढलं. तो हसत आला, नमुना देऊन गेला. सिस्टरांनी त्यात तपासणीची पट्टी बुडवली. तिच्यावर प्रत्येक नशेसाठी एक रेघ उमटते. रेघ उमटली की माणूस निर्दोष, नाही उमटली की दोषी. अफूची रेघ उमटलीच नाही.

सिस्टरांनी चष्मा पुसून पाहिलं. दुसरी पट्टी बुडवली. तेच.

"सप्रे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सही कर."

मी म्हटलं, "सिस्टर, पण हा त्यागी आहे!"

"नाव वाचता येतं मला."

नमुना सीलबंद होऊन दिल्लीच्या प्रयोगशाळेत गेला. त्यागीला कंट्रोल रूमची बंदी झाली. फाटकाजवळ अशा माणसांसाठी एक बाक होता, निकाल येईपर्यंत त्यांनी तिथे हजेरी लावून बसायचं. धुक्यात, कानाला मफलर गुंडाळून त्यागी त्या बाकावर बसला, आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करू लागला. दोन दिवसांनी दिल्लीहून उत्तर आलं. अफूचा अंश होता. थोडा, पण होता.

आमचे डॉक्टर भटनागर सज्जन होते. त्यांनी त्यागीला बसवून खोदखोदून विचारलं, काही औषध, काही गोळी, बाहेरचं काही खाल्लं का? त्यागी खाली मान घालून म्हणाला, "घर की रोटी, घर की सब्जी. और कुछ नहीं." परीक्षा आठ दिवसांवर आली होती. डॉक्टरांनी हताश होऊन चाचणीचा फॉर्म पुन्हा पाहिला. त्यावर एक रकाना होता. इंग्रजीत विचारलं होतं की गेल्या तीन दिवसांत पॉपी सीडचा केक किंवा पाव खाल्ला आहे का. पुढे सिस्टरांच्या अक्षरात 'नाही'. डॉक्टरांनी तो सिस्टरांना वाचून दाखवला.

हा परदेशी नमुन्यावरून उतरवलेला फॉर्म. आमच्या उसाच्या मुलखात असला केक खाणार कोण? त्यामुळे वर्षानुवर्षं सिस्टर तो प्रश्न कुणाला विचारतच नव्हत्या. सकाळीच पन्नास फॉर्म पुढे ओढून सगळ्यांवर एकदम 'नाही' लिहून टाकायच्या, तेवढाच वेळ वाचे. मीही ते रोज बघत होतो आणि खाली सही करत होतो. केक म्हणजे बेकरीतली वस्तू आणि खसखस म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली, या दोन गोष्टी एकत्र आणायचं आम्हा दोघांच्याही डोक्यात कधी आलं नाही. पॉपी सीड म्हणजे खसखसच, अफूच्या बोंडातलंच बी ते. पुष्कळ खाल्लं तर नमुन्यात अंश उतरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या त्या थेट डॉक्टरांच्या खोलीत. हातात खसखशीचा डबा. मला हाक मारली. आदल्या दिवशी घरी चहाची पूड शोधताना हा डबा हाताला लागला आणि त्या तशाच खाली बसल्या होत्या, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

"डॉक्टर, मैंने किया," त्या म्हणाल्या. "मेरा अनारसा."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पण मान हलवली. दोन-तीन अनारशांनी इतकं उतरत नाही. त्यागीला बोलावलं. त्याने अनारसे खाल्ले का? तो चाचरला. "खाये थे. दो."

सिस्टर उठल्या. मला घेऊन कंट्रोल रूमच्या पोरांच्या जेवणघरात गेल्या आणि सहज विचारलं, "इस साल अनारसा कैसा हुआ था?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकजण धीर करून म्हणाला, "सिस्टरजी, इस बार तो डिब्बा आया ही नहीं. त्यागीजी बोले, आपने हमारी शिफ्ट को नहीं भेजा. हम लोग थोड़ा नाराज़ भी थे."

सिस्टर थेट त्यागीच्या क्वार्टरवर गेल्या. मी साक्षीदार, म्हणून मागोमाग. त्याच्या बायकोने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी नेहमीप्रमाणे नाकारला. त्यागी समोर उभा.

"डिब्बे में चोवीस थे," सिस्टर म्हणाल्या. "आठ आदमी, तीन-तीन. गिन के रखती हूँ मैं."

 त्यागी मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. डबा त्याने नाताळच्या दुपारी फाटकावर घेतला होता. आत नेताना एकच चाखून बघावा म्हणून उघडला. मग आणखी एक. पाळी संपेस्तोवर नऊ झाले. आता पंधरा आठ जणांत वाटणार कसे? म्हणून डबा लपवून घरी आणला, आणि दोन दिवसांत सगळे संपले. संयमावर प्रवचन देणाऱ्या माणसाने आठ जणांचा खाऊ एकट्याने फस्त केला, वर सिस्टरांच्या नावावर खोटं बोलला. हे सांगण्यापेक्षा बाकावर बसलेलं परवडलं, असं त्याला वाटलं होतं.

सिस्टरांनी सगळं ऐकलं. "त्यागी," त्या म्हणाल्या, "अफीमची या खादाड, दो में से एक लिखना पडेगा. मैं तेरी जगह होती ना, तो खादाड लिखती."

त्यागीने लिहून दिलं. चोवीस आकडा आधी अंकी लिहिला, मग सिस्टरांनी अक्षरीही लिहायला लावला.

पण परवान्याची समिती नुसत्या जबाबावर विश्वास ठेवणार नव्हती. चोवीस अनारसे खाल्ल्याने असं होतं याला पुरावा काय? डॉक्टर म्हणाले, पुस्तकातले कागद जोडू. सिस्टर म्हणाल्या, "पुस्तकात केक आहे. माझं पीठ शिल्लक आहे, खसखसही त्याच डब्यातली. मी खाते."

मला हसू आलं. सिस्टरांना गोड अजिबात आवडत नसे. आपल्या हातचा अनारसा त्या वर्षाला एक खायच्या, तोही गूळ बरोबर लागलाय का पाहायला. डॉक्टरांनी समजावलं, तुमच्याऐवजी दुसरं कुणी खाईल. "चूक दुसऱ्याने केली का?" असं विचारून त्या अनारसे तळायला घरी गेल्या.

दोन दिवस दवाखान्यात हा सोहळा चालला. सिस्टर खुर्चीत ताठ बसून अनारसा उचलायच्या, डोळे मिटून चावायच्या आणि प्रत्येकावर मी वेळ लिहून सही करायचो. अनारसा क्रमांक एक. अनारसा क्रमांक दोन. अकराव्याला त्यांना उचकी लागली. सतराव्याला म्हणाल्या, "सप्रे, कोणी शिकवलं रे मला हे करायला?" विसाव्याला त्या बराच वेळ नुसत्या त्याच्याकडे बघत बसल्या. माझ्या नोकरीतल्या सगळ्या सह्यांमध्ये मला त्या चोवीस सह्यांचा सर्वांत जास्त अभिमान आहे.

मग त्यांनी नमुना दिला. डॉक्टरांनी पट्टी बुडवली आणि आम्ही तिघे वाकून पाहत राहिलो. अफूची रेघ उमटली नाही.

"हात तिच्या!" सिस्टर ओरडल्या. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर नाताळातही पाहिला नव्हता. पुढच्याच क्षणी त्यांनी नोंदवही ओढली, लाल पेन उघडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मार्था साळवे, अफू, दोषी.'

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, ये तो प्रयोग था. इसे रजिस्टर में क्यों?"

"पट्टी पे जो आया, वो लिखा. अणू को सबब नहीं कळता."

त्याच कागदाखाली त्यांनी दुसरा जबाब लिहिला. फॉर्मवरचा प्रश्न मी न विचारता आधीच 'नाही' लिहीत होते, आणि ज्यांना तपासायचं त्यांना मीच खायला घातलं. डॉक्टर आणि मी दोघांनीही विनवलं की हे लिहायची गरज नाही, त्यागी तुमच्या निकालाने सुटतोय. निवृत्तीला पाच महिने राहिले होते त्यांच्या. त्यांनी ऐकलं नाही. मला रात्रीपर्यंत लाज वाटत राहिली, कारण त्या फॉर्मांवर माझीही सही होती. दुसऱ्या दिवशी मीही माझा चार ओळींचा जबाब जोडला. सिस्टरांनी तो वाचून फक्त शुद्धलेखन सुधारलं.

नियमाप्रमाणे दोषी माणसाला कामाच्या खोलीत प्रवेश नाही. म्हणून प्रयोगशाळेचं उत्तर येईपर्यंत सिस्टर फाटकाजवळच्या त्या बाकावर जाऊन बसल्या. एका टोकाला त्यागी, दुसऱ्या टोकाला त्या, मध्ये त्यांचा फ्लास्क. धुकं इतकं की शिपाई जवळ आल्याशिवाय दिसत नसे. येणारा प्रत्येकजण थबकायचा, त्यांना पाहून कावराबावरा व्हायचा, आणि त्या तिथूनच ओरडायच्या, "बघता क्या है? अंदर जाके फुंको!"

परीक्षेच्या आदल्या दुपारी समितीचं पत्र आलं. त्यागी निर्दोष. तो परीक्षेला बसला आणि पास झाला. कंट्रोल रूममध्ये त्याचं नाव मात्र कायमचं 'चौबीस' पडलं. सिस्टरांना लेखी ताकीद मिळाली, तीस वर्षांतली पहिली आणि एकमेव. ती त्यांनी खोलीत, नियमांच्या पाटीखाली, स्वतः चिकटवली. आणि त्या दिवसापासून साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत प्रत्येकाला विचारायला लागल्या, "खसखस खाया क्या?" मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यांना वाटलं हा इकडचा नमस्कारच आहे.

पास झाल्यावर त्यागी मंदिरातले पेढे घेऊन आला. त्यांच्या पायाशी ठेवले. सिस्टरांनी पेढ्यांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "मैं तपासती, तू फुंकता. कैसा खाऊँ? मेरी ड्यूटी खतम होने दे."

पण त्यांची ड्यूटी संपली तेव्हा त्यागी दूरच्या केंद्रावर बदलून गेला होता. निरोपाच्या समारंभात सिस्टरांनी चहासुद्धा फ्लास्कमधलाच घेतला, कारण त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत त्या कामावर होत्या.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी त्यागी परत बदलून आला, पोट सुटलेला, पाळीप्रमुख झालेला. आल्या आल्या मला म्हणाला, "सप्रेजी, सिस्टरजी कहाँ हैं?" त्या दिल्लीत हिंदूराव इस्पितळाच्या बाजूला, रिजच्या टेकडीजवळ मुलीकडे राहत होत्या. पायाने जवळजवळ अधू झाल्या होत्या. एका रविवारी आम्ही निघालो. गाडीत त्यागीच्या मांडीवर एक स्टीलचा डबा. दिल्लीपर्यंत त्याने त्यावरचा हात काढला नाही, आणि वाटेत ढाब्यावर मी चहाला उतरलो तरी तो उतरला नाही.

सिस्टर खिडकीशी खुर्चीत होत्या. खूप बारीक झालेल्या, साडी अजून पांढरीच. त्यागी वाकला तेव्हा त्यांचं नाक आपोआप पुढे झालं. "कुछ नहीं खाया सुबह से," त्या म्हणाल्या. मग डब्याकडे पाहून, "काय आणलं?"

"अनारसा, सिस्टरजी. मैंने खुद बनाया. घरवाली ने मीना भाभी से पूछा, फिर मैंने बनाया."

सिस्टरांनी डबा मांडीवर घेतला, उघडला आणि बोटाने एकेक करत मोजायला लागल्या.  मोजून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"चोवीस," त्या म्हणाल्या. "पूरे."

त्यागीने मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. त्याने एक अनारसा उचलून त्यांच्यापुढे धरला.  तीस वर्षांत केंद्रातल्या एकाही माणसाच्या हातचं त्यांनी काही घेतलं नव्हतं. मला वाटलं, याही वेळी हात मागे जाणार.

"तू अभी ड्यूटी पे है ना?" त्यांनी विचारलं.

"मैं हूँ. आप नहीं हैं."

त्यांनी यावर विचार केला, एखादा फॉर्म तपासावा तसा, वरपासून खालपर्यंत. मग हात पुढे केला आणि अनारसा घेतला. एक घास खाल्ला. खसखशीचे दाणे साडीवर सांडले, ते बोटाने टिपून तेही खाल्ले. त्यागी परीक्षेला बसल्यासारखा उभा होता.

"गूळ बरोबर लगा है," सिस्टर म्हणाल्या. "खसखस कम डाला."

"परसों ड्यूटी है, सिस्टरजी. बनाते समय हाथ चाटने की आदत है."

त्या हसल्या, इतक्या की त्यांची मुलगी आतून धावत आली. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं, तो त्यागीपासून लांब, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि उरलेला अर्धा अनारसा सावकाश खाऊ लागल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं, गोड न आवडणारा माणूस दुसऱ्याच्या हातचा अनारसा कण न टाकता संपवताना.